मागचं सील

लिव्हिओ बावीस वर्षं एकच सांगत आला,
मागचं सील गेलंय, नीवेस.
गिअरबॉक्स उतरवावा लागेल,
आणि गिअरबॉक्स काय आज उतरवतो होय आपण.
मग तो पुठ्ठा बदलायचा.
बंदरावरच्या कॉफीच्या गोदामातला पुठ्ठा,
त्यावर जहाजाचा शिक्का,
शिक्क्यावर सकाळपर्यंत बशीएवढा काळा डाग.

आता गाडी माझी.
चौऱ्याहत्तरची स्पायडर, लाल म्हणावी तर लाल,
कापडी छपराची शिवण माझ्याच हातची.
नोटरीनं किल्ल्यांबरोबर एक डबा दिला.
त्यात पावत्या, तीन पाने,
आणि पिशवीही न फोडलेलं एक मागचं सील.
किंमत लिरामध्ये.

मी शिडं शिवते. मला इंजिनातलं कळत नाही.
पण उसवलेलं कुठे दिसतं आणि उसवायला कुठे लागतं
यातलं अंतर कळतं.
शिवाय मी त्रिएस्तेची.
बोरा सुटला की टोपी सान जाकोमोच्या चढावर उडते
आणि सापडते खाली धक्क्यावर, दोरखंडांत.
डोकं काही कुणी धक्क्यावर शोधत नाही.

दोन दिवस रॉकेल, दात घासायचा ब्रश, चिंध्या.
ओळखू येईना इतकं इंजिन धुतलं.
कोरडं झाल्यावर त्यावर
शिडांना लावते तीच पावडर फुंकली,
पिठाच्या गिरणीतल्या माणसासारखं पांढरंफटक केलं,
आणि ओपिचिनापर्यंत चढवून परत आणलं.
दार लावून घेतलं, वारा नको म्हणून.
मग टॉर्च, आणि दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा.

खाली, चेंबरवर, पावडर तशीच.
मागे, गिअरबॉक्सच्या तोंडाशी, ओल.
लिव्हिओ इथपर्यंतच वाकला असणार.
ओलीच्या वर एक रेघ,
टाक्याच्या दोऱ्याइतकी बारीक,
ब्लॉकच्या पाठीवरून वर, हेडच्या कडेनं अजून वर,
थेट झाकणाच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत.
तिथलं गॅस्केट नखानं मोडलं. बिस्किटासारखं.

आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.
तेही बावीस वर्षं न दिलेलं.

नवं गॅस्केट अकरा युरो.
नट हातानं, मग पान्यानं, आलटून पालटून,
जास्त आवळायचं नाही,
हे मला कापडानंच शिकवलंय.
आठवडाभर पुठ्ठा कोरा.
आठव्या दिवशी पुन्हा डाग, बटणाएवढा.

मग कुठे मी विचारलं,
हे तेल बाहेर ढकलतंय कोण?
झाकणावरून एक जाड रबरी नळी निघते,
इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर न्यायला.
ती सोडवली, उलटी धरली, झटकली.
काही पडेना.
सुईनं ओढलं तेव्हा बूच आलं,
तेरानच्या बाटलीचं,
काळं पडलेलं, नीट बेतून कापलेलं,
वर तारेचे दोन वेढे.
हे आपोआप होत नाही.
हे बसून, जीभ दातांत धरून केलेलं काम.

गोरित्सियाला मिरेलाला फोन लावला.
सोळा वर्षांनी.
बूच म्हटल्यावर बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाली,
मीच म्हणाले होते, आत तेलाचा वास येतो, डोकं चढतं.
एकदाच म्हणाले होते.
दुसऱ्या दिवसापासून येईना झाला.
मला वाटलं, त्यानं ऐकलंच नाही,
हवा बदलली म्हणून गेला असेल.

नळी धुतली, परत बसवली, मोकळी.
सील त्याच्या डब्यात परत ठेवलं, लिरासकट.
बूच फेकायचं म्हणून खिशात घातलं,
अजून एप्रनच्या खिशात आहे,
सुयांना डाग लागतात.

रविवारी मिरेला स्वतःच आली, बसनं.
छपरावरून हात फिरवला, शिवणीवर थांबला.
मग शेजारच्या सीटवर बसली, पट्टा लावला
आणि म्हणाली, अजून येतो वास.

येतो, म्हटलं. थोडासा येणारच.

तिनं काच खाली घेतली.